तकिया मोहल्ल्याचा थांबा

टेम्पो चालवायला अक्कल लागत नाही, असं टेम्पोत बसणाऱ्यांचं ठाम मत असतं. मी ते कधी खोडून काढलं नाही. ड्रायव्हरला अक्कल नाही असं एकदा ठरलं, की माणसं त्याच्या पाठीमागे मोकळेपणी बोलतात. ते बोलणं कानावर पडत राहिलं म्हणूनच जालन्याच्या एमआयडीसीचा तोच रस्ता इतकी वर्षं तुडवणं मला जमलं. नाहीतर केव्हाच तीर्थपुरीला परत जाऊन थोरल्या भावाच्या शेतावर राखण करत बसलो असतो.

तीर्थपुरी माझं गाव. वाटणीत माझ्या वाट्याला जी जमीन आली तिच्यात माझा आणि बैलाचा, दोघांचा एकदम संसार होण्यासारखा नव्हता. ती भावालाच कसायला दिली आणि जालन्याला आलो. बाजाराचा माल वाहता वाहता गाडी शिकलेलो होतोच. पुढे जुना टेम्पो घेतला, मागे दोन्ही बाजूंनी लाकडी बाक ठोकून घेतले, वर ताडपत्रीऐवजी पत्रा टाकला आणि एका बियाणे कंपनीत बायका पोचवायचं काम धरलं.

बाहेरच्या माणसाला बियाण्याची कंपनी म्हणजे काय ते सांगायला हवं. शेतकऱ्यांच्या प्लॉटवर तयार झालेलं बी पोत्यांनी कंपनीत येतं. तिथं ते साफ होतं, चाळलं जातं, त्याला औषधाचा रंग चढतो आणि पाकिटात भरलं जातं. पुष्कळसं यंत्र करतं, पण फुटकं, पोचट, डागी दाणे शेवटी हातानेच निवडावे लागतात, आणि ते काम बायकांचं. पेरणीच्या आधीचे महिने म्हणजे सीझन. त्या दिवसांत कंपनीत कुणाला मरायलाही फुरसत नसते. सकाळी आधी या बायकांची फेरी करायची आणि मग रोलिंग मिलच्या गड्यांची. मिलमध्ये तापून लाल झालेलं लोखंड ओढून त्याच्या सळ्या करतात. तिथून परतणाऱ्या गड्यांच्या अंगाची धग बाकाला लागते, असं माझी बायको म्हणायची. बाक धुवायचं काम तिचं होतं, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. मिलचा दत्तूमामा रोज दात घासत टेम्पोत चढायचा. घरी घासायला वेळ पुरत नाही म्हणे. एकदा त्याने चालत्या गाडीतून चूळ टाकली ती मागच्या स्कूटरवाल्याच्या शर्टावर. तो स्कूटरवाला थेट मिलच्या फाटकापर्यंत आमच्या मागे आला. दत्तूमामा शांतपणे उतरला आणि मला म्हणाला, "भाऊ, हे पाव्हणं तुमच्याकडं आल्तं वाटतं." त्या माणसाची समजूत घालता घालता मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मी टेम्पोच्या मागच्या बाजूला रंगाने लिहून घेतलं, 'दात घासून बसावे.' एमआयडीसीत माझा टेम्पो त्या पाटीवरून ओळखू यायला लागला.

आता मुद्द्याचं. टेम्पोचा थांबा कसा तयार होतो, हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. कंपनी काही नकाशा देत नाही. पहिल्या दिवशी एका गल्लीतून एक बाई येते, म्हणून तिथं थांबावं लागतं. ती शेजारणीला सांगते, शेजारीण जावेला. माझ्या टेम्पोत ती पहिली बाई होती गयाबाई. ती कंपनीत मुकादम, म्हणजे बायका जमवून आणायचं काम तिचं. कंपनीला हात कमी पडले की सुपरवायझर गयाबाईला सांगणार, गयाबाई संध्याकाळच्या परतीला टेम्पोत सांगणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्यावर कुणाची तरी भावजय नवी चप्पल घालून उभी. कंपनीच्या फाटकावर 'कामगार पाहिजेत' अशी पाटी मी फार थोड्या वेळा पाहिली. पाटी लिहीपर्यंत जागा भरलेली असायची. नोकरीची बातमी आधी माझ्या पाठीमागच्या बाकावर फुटायची, मग जगाला कळायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. सरकारला जे जमत नाही ते आमच्या टेम्पोत होतं, असं मी लग्नकार्यात लोकांना सांगत असे.

तकिया मोहल्ला आमच्या रस्त्यावरच होता. गयाबाईच्या गल्लीच्या बराच पुढे, एमआयडीसीच्या अंगाला. म्हणजे माझ्या सगळ्या थांब्यांपेक्षा कंपनीला जवळ. तरी तिथं मी कधी थांबलो नाही, कारण तिथून कुणी चढणारं नव्हतं. आणि तिथून कुणी चढत नव्हतं, कारण टेम्पो थांबत नव्हता. तिथले पुरुष रिक्षा चालवत, वेल्डिंग करत, फळांचे गाडे लावत. बायका घरात शिवणकाम करत. एवढा जवळचा मोहल्ला आणि कंपनीत तिथलं माणूस नाही, हे मला कधी खटकलं नाही. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट खटकायला काहीतरी निमित्त लागतं.

निमित्त झालं रहीमभाईच्या मुलीचं. रहीमभाई माझा मेकॅनिक. माझ्या टेम्पोचं इंजिन त्याने इतक्या वेळा उघडलं होतं की त्याला ते पाठ झालं होतं. आमची दोस्ती जुनी. त्याला मोहल्ल्यातून बाहेर पडायचं होतं. मागे आमच्या कॉलनीत एक प्लॉट निघाला तेव्हा मीच त्याला घेऊन गेलो होतो. मालकाने चहा पाजला, नाव विचारलं आणि म्हणाला, "अरेरे, कालच बुक झाला." त्या बुक झालेल्या प्लॉटवर पुढे कित्येक वर्षं गाजरगवत वाढत होतं. रहीमभाईने मला त्याबद्दल एका शब्दाने टोकलं नाही. मीही, लोकांचं असंच असतं, म्हणून सोडून दिलं.

त्याची मुलगी नसीम. बी.एस्सी. झाली, वनस्पतिशास्त्र घेऊन, चांगल्या मार्कांनी. तिला कंपनीच्या लॅबमध्ये काम हवं होतं. लॅबमध्ये बियाण्याची उगवण तपासतात. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, ठरलेले दिवस सारख्या उबेत राखायचं आणि सकाळी सकाळी उलगडून बघायचं, किती उगवलं, किती नाही, कुठला कोंब धड आणि कुठला वाकडा. हे सगळं मला नसीमनेच गॅरेजमधल्या उलट्या डब्यावर बसून समजावलं होतं. बोलताना तिचे डोळे असे चमकत की मला वाटलं, हिला नोकरी द्यायला कंपनीला स्वतः टेम्पो करून यावं लागेल.

मी कामगार विभागाच्या साहेबांना भेटलो. माणूस भला. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता मदत केलेली. नसीमची मार्कशीट बघून ते खूश झाले. "मुलगी चांगली आहे, बोराडे. पण येणार कशी? तिकडून तुमचा टेम्पो नाही. लॅबला सकाळी वेळेवर म्हणजे वेळेवर."

"तिचे वडील सोडतील की, साहेब."

"गॅरेजवाला माणूस. आज सोडेल, उद्या गिऱ्हाईक आलं की राहील. आपल्याला भरवशाचं पाहिजे."

मला हसूच आलं. एवढंच ना! टेम्पो तर माझा. म्हटलं, "साहेब, उद्यापासनं टेम्पो तिथं थांबेल. ही अडचण संपली असं समजा."

साहेबांनी मार्कशीट पुन्हा उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, लॅबची जागा सीझन संपता संपता निघणार आहे, तोवर तिला हातनिवडीला येऊ द्या, काम बघू. मी गाडी काढली ती सरळ गॅरेजवर नेली. रहीमभाईने काळ्या हातांनीच माझे हात धरले. नसीमची आई दाराआडून म्हणाली, "भाईजान, अल्ला तुम्हारा भला करे." त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी तकिया मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर मी पहिल्यांदा ब्रेक दाबला. मागची सगळी बडबड एकदम थांबली. नसीम डब्याची पिशवी छातीशी धरून उभी होती. आमच्या टेम्पोत प्रत्येकीची जागा ठरलेली असते, पण नवी बाई आली की सगळ्या थोड्या सरकतात, हा रिवाज. त्या दिवशी कुणी सरकलं नाही. वाईट कुणी काही बोललं नाही, फक्त सरकलं नाही. नसीम दाराजवळच्या दांडीला धरून उभी राहिली आणि मला आरशात दिसेल असं हसली. रस्ता थोडाच होता म्हणून बरं.

दिवस गेले तशी ती बसू लागली. गयाबाईची सून तिच्यासाठी पदर सावरून जागा करायची. नसीमचं निवडीचं काम चोख होतं, ते सुपरवायझरने मला आपणहून सांगितलं. बायका तिला पोराबाळांच्या अभ्यासाचं विचारू लागल्या. मी मनात म्हटलं, झालं, जमलं. मग एक दिवस मोहल्ल्यातल्या दोन विधवा बायका कोपऱ्यावर माझ्या खिडकीशी आल्या. "भैया, हमको भी लगा दो ना काम पे. अब टेम्पो तो आ रहा है." मी म्हटलं, विचारतो. आणि संध्याकाळी सगळ्या उतरल्यावर गयाबाईला विचारलं.

गयाबाई थांबली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"भाऊ, तुमी त्या पोरीसाठी थांबा केला, म्या काही बोलले का? न्हाई बोलले. पोरगी गुणाची हाय. पण आज एक, उद्या दोन, परवा निम्मा टेम्पो तिकडचा. मंग माझ्या गल्लीतल्या बायांनी कुठं जावं? त्यायला काय दुसरा टेम्पो हाय?"

"गयाबाई, कामं काय कमी आहेत का?"

"कमीच हायेत की. तुमाला मागलं दिसत न्हाई, पुढं बसून राह्यलात ना तुमी. माझी गल्ली काय बंगलेवाल्यायची हाय का? आमाला बी ह्या टेम्पोशिवाय कोण विचारतंय?"

मला तिच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं. पण ती खरं बोलत होती. ज्या गोष्टीचा मी लग्नकार्यात तोरा मिरवत होतो, ती तिला माझ्यापेक्षा चांगली कळली होती. टेम्पो ज्यांच्या दारात थांबतो, काम त्यांच्या घरात जातं. ती तिच्या गल्लीचं पोट राखत होती, आणि त्यात दुसऱ्या गल्लीचं पोट उपाशी राहत होतं. नुसतं पोटाचंच असतं तर तेही समजून घेता आलं असतं. पण मोहल्ला सोडून दुसऱ्या कुठल्याही वस्तीतून नवीन बाई आली की गयाबाई कधी अशी हिशेबाला बसली नव्हती, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. त्या दोन विधवांना मी सांगितलं की सध्या भरती बंद आहे. त्यांनी मान डोलावली. असं उत्तर त्यांना नवीन नव्हतं.

तरी माझी सगळी मदार लॅबच्या जागेवर होती. ती जागा गयाबाईच्या हातात नव्हती, साहेबांच्या होती. नसीम लॅबमध्ये गेली की मोहल्ल्याचं एक माणूस आत बसलं, मग हळूहळू रस्ता होईल, असं मी रहीमभाईला सांगत होतो. तोही मान हलवायचा. त्याने नसीमसाठी मुंबईहून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून पांढरा कोट मागवून ठेवला होता.

सीझन सरत आला तेव्हा एके सकाळी साहेबांनी मला बोलावलं. "लॅबची जागा भरली हो, बोराडे. धावड्याची मुलगी आहे. हुशार आहे, घरचे शेतकरी लोक आहेत."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "धावडा? साहेब, धावडा कुठं, जालना कुठं! भोकरदनच्या पार पलीकडं. ती रोज सकाळी येणार कशी?"

"रोज कशाला येईल? इथंच राहील. आमच्या ओळखीच्या काकूंची खोली आहे कंपनीच्या पाठीमागे. मीच बोललो त्यांच्याशी."

साहेब फाइल चाळत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या त्या मुलीला पुढच्या सीझनला निवडीला बोलवू की. मनात काही आणू नका."

मनात काय आणायचं राहिलं होतं? एकीचं घर कंपनीपासून हाकेच्या अंतरावर, तर ती लांबची. दुसरीचं घर डोंगराच्या पायथ्याशी, तर तिच्यासाठी घरच उचलून जवळ आणलं. इतकी वर्षं मी अंतरं मोजण्याचा धंदा केला आणि अंतर कशाला म्हणतात तेच मला कळलं नव्हतं. साहेबांना मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर कंपनीचं काम गेलं असतं, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे बोट ठेवायला जागाच नव्हती. त्यांनी एकही वावगा शब्द उच्चारला नव्हता.

परतीच्या फेरीला नसीम चढली तेव्हा तिला कंपनीतच कळलेलं होतं. दोन-तीन बायकांनी तिला मधली जागा दिली, पण ती पुढे माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. रस्त्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "काका, धावडा किती लांब हाय हो?"

"लई लांब हाय, बेटा."

"मला वाटून राह्यलं होतं, मीच लांब राहते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी समजूत घातली असती. कोपरा आला, ती उतरली, नेहमीसारखी "येते काका" म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावर नव्हती. त्यानंतरही नव्हती.

धावड्याच्या मुलीचा यात काही दोष नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. गरीब गाय. रविवारी सुटीला गावी जाताना मला नमस्कार करून जायची. एकदा माझ्या बायकोसाठी घरच्या ज्वारीच्या हुरड्याचे दाणे आणून दिले तिने. तिला कुणी सांगितलंही नसेल की ती कुणाच्या जागेवर बसली आहे. जे तिला मिळालं ते तिला मिळायलाच हवं होतं. फक्त तसंच दुसरीलाही मिळालं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

मी मात्र थांबा सोडला नाही. रोज सकाळी तकिया मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर ब्रेक दाबायचा, एकदा हॉर्न वाजवायचा, जरा वेळ थांबायचं आणि निघायचं. कुणी चढत नसे. मागे बायका चुळबुळत, पण गयाबाई गप्प राहायची. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की माझी सवय आहे. सवय कसली, हट्ट होता. मला वाटायचं, थांबा जिवंत राहिला की एक ना एक दिवस कुणीतरी चढेल. आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

पुढच्या सीझनच्या तोंडाशी इंजिनमधून आवाज यायला लागला म्हणून गॅरेजवर गेलो. रहीमभाईने झाकण उघडलं, कान लावला, काम केलं. हात पुसता पुसता म्हणाला, "भाऊ, एक बात बोलू? बुरा मानू नका."

"बोल ना."

"ते कोपऱ्यावर थांबता ना सकाळी, ते बंद करा."

"का? काय झालं?"

"नसीमची अम्मी हॉर्न ऐकली की उठून खिडकीशी जाती. पोरीचा डबा भरायचा टाइम व्हता तिचा. खिडकीशी उभी ऱ्हाती, टेम्पो निघून जातो, मंग दिवसभर कुणाशी बोलत न्हाई. पोरगी तर हैदराबादला गेली, तिच्या मामूकडं. तिथल्या बियाण्याच्या कंपनीतच लागली, लॅबमधी. चांगलं काम हाय. पण घरात आता आम्ही दोघंच." आणि मग जरा हसून म्हणाला, "मामूचं घर तिथल्या टेम्पोच्या रस्त्यावर असंल बहुतेक."

मला त्याच्यासोबत हसता आलं नाही. ज्या थांब्याला मी वर्षभर नसीमची आठवण म्हणून जपत होतो, तो तिच्या आईला रोज सकाळी डिवचत होता. मी तिचं भलं करायला निघालो होतो, आणि जमलं काय, तर एक हॉर्न. माझे डोळे भरून आले ते रहीमभाईने पाहिलं आणि तो उगाच स्पॅनर शोधायला आत गेला. पैसे त्याने नेहमीइतकेच घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावर गाडी हळूही केली नाही. कोपरा मागे पडला तशी मागून गयाबाईची हाक आली.

"भाऊ, आज थांबला न्हाईत?"

"न्हाई."

"ती पोरगी कुठं असती आता?"

"हैदराबादला."

गयाबाईची स्वतःची लेक दोन गल्ल्या सोडून दिलेली, तरी ती आठवड्यातून एकदा तिला बघायला जायची. "अगं बया," ती म्हणाली, "एवढ्याशा कामासाठी पोरीला लई लांब जावं लागलं की..."

तिचं बोलणं पुरं होण्याआधी कंपनीचं फाटक आलं.